भांडण या सदराखाली

दारात कागद घेऊन कोणी आलं की त्याला खरं सांगायचं नाही, असा आमच्या घरी नियम होता. वडील सावंतवाडीकडून डिचोलीला खाणीवरचा ट्रक चालवायला आले आणि सर्वणला भाड्याच्या घरात राहिले. माझा जन्म तिथलाच, तरी शाळेत मी ‘भायली’, म्हणजे बाहेरचीच. शिरगणतीवाला आला की आई पुढे व्हायची आणि घरातलं एक माणूस कमी सांगायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पुढे मी संख्याशास्त्र शिकले, म्हापशाला कॉलेजात शिकवू लागले आणि एका वर्षी स्वतःच कागद घेऊन लोकांच्या दारात उभी राहिले.

पाहणी एका संशोधन संस्थेची होती. चेहरा, रंग, मुलूख यांवरून माणसांना किती मारहाण होते, किती छळ होतो आणि त्यातलं पोलिसांच्या दप्तरापर्यंत किती पोचतं, हे ताडून बघायचं होतं. माझ्याकडे पेडणे तालुका आला. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि पार्लरांत ईशान्येकडची बरीच तरुण मंडळी कामाला होती. खोल्या स्वस्त मिळतात म्हणून ती कोरगावसारख्या आतल्या गावांत राहायची.

आधी पोलीस ठाण्यात गेले. हवालदार अदबीने बोलले. “बाई, आमच्या तालुक्यांत असलें कांय ना. चोऱ्या आसात, अपघात आसात, भांडणां आसात.” त्यांनी दाखवलेल्या गोषवाऱ्यात खरोखर तेवढंच होतं. भांडण कशावरून झालं, हे लिहायला जागाच नव्हती. “ही माहिती कोणाक जाय?” ती हवी कुणाला, असं विचारून त्यांनी माझं ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझा फोन नंबर टिपून घेतला. तो कशाला, हे विचारायचं मला तिथे सुचलं नाही. घरी येईपर्यंत मात्र तेच डोक्यात घोळत होतं.

कोरगावात काजूच्या बागेला लागून भाड्याची एक खोली होती. तिथे मणिपूरची एक मुलगी तिच्या भावासोबत राहायची. ती पार्लरमध्ये, तो हॉटेलच्या स्वयंपाकघरात. तिने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं.

“तुम्हाला माझा पत्ता कुणी दिला?”

“कुणी नाही. आम्ही सगळीकडेच जातो. नाव लिहीत नाही, काळजी करू नका.”

“मग वर घरनंबर का लिहिलाय?”

मी कागदाकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं. घरनंबर आणि गाव असल्यावर नावाची गरज कुणाला होती? माझ्या आईने हेच विचारलं असतं. मी तिच्यासमोर तो आकडा शाईने पूर्ण गिरवून टाकला. तेव्हा तिने साखळी काढली.

तिच्या भावाला पेडण्याच्या बसस्टँडजवळ तिघांनी मारलं होतं. ‘चिनी, तुझ्या देशात जा’ म्हणत मारलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, म्हणून तो महिनाभर घरी बसला होता. आम्ही बोलत होतो तेव्हाही तो आत भिंतीकडे तोंड करून पडलेला होता.

“पोलिसांत गेलात?”

“गेलो. दारू पिऊन भांडण झालं, असं लिहिलं. तो दारूला हातसुद्धा लावत नाही.”

एवढ्यात जनेलाच्या गजांबाहेर पावलं वाजली. घरमालकीण, साठीची बाई, बाहेर सुकत घातलेले कपडे उगाच इकडचे तिकडे करत होती. मुलीने मला डोळ्यांनीच गप्प केलं. “त्या मारणाऱ्यांतला एक हिच्या नात्यातला आहे,” ती पुटपुटली. मुलीला माझा नंबर देऊन मी निघाले तेव्हा मालकीण फाटकापाशी उभी होती. “कित्याक गे आयल्लें? पोलिसांनी कितें बरयलां म्हणालें तें?” मी कशाला आले आणि पोलिसांनी काय लिहिल्याचं ती मुलगी म्हणाली, असं तिने विचारलं. आरोग्याची पाहणी आहे, असं मी ठोकून दिलं.

दोनच दिवसांनी मला एक फोन आला. पुरुषाचा आवाज, नाव सांगितलं नाही. “मॅडम, कोरगावांत कित्याक भोंवतात? आमचो गांव बरो आसा.” गावात फिरू नका, एवढाच अर्थ, आणि फोन बंद. माझा पहिला संशय हवालदारांवर गेला, नंतर मालकिणीवर. पाहणीत माझ्यासोबत असलेल्या सहकाऱ्याकडेही मी आठवडाभर तिरक्या नजरेने बघत होते.

मग त्या मुलीचा फोन आला. “पोलीस घरी येऊन गेले. तुम्ही म्हणाला होतात, काळजी करू नका. आम्ही आजच खोली सोडतोय.” मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

मी तशीच स्कूटर काढून कोरगावला गेले. खोलीला कुलूप होतं. मालकीण अंगणात काजूबिया वाळत घालत होती.

“पोलिसांना तुम्ही सांगितलंत ना?” मी सरळच विचारलं.

“हांवेंच सांगलें!” ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “तो सोरो पिता म्हूण बरयलां, तें जनेलांतल्यान आयकलें. हुर्राकाच्या दिसांनी हांवें स्वता ताका गलास दिल्लो. ताणें परत केलो. नीरो तेवडो पिता. फट कशी बरयतात? म्हूण गेलें पोलिसांत.” तिने दिलेला हुर्राक, म्हणजे काजूची दारू, त्याने परत केला होता, तो काजूचा गोड रस तेवढा प्यायचा; आणि पोलिसांनी खोटं लिहिलं म्हणून ती ठाण्यात गेली होती.

“आणि तो तुमचा नातेवाईक?”

“तो म्हज्या भावाचो पूत. मागीर कितें जालें?”

मी तिच्यावर विश्वास ठेवला, असं म्हणता येणार नाही. मी त्या धमकीच्या फोनबद्दल विचारलं, तर ती माहीत नाही म्हणाली आणि परत बियांकडे वळली. पण तिने पोलिसांना जबाब दिला होता, हे ठाण्यात चौकशी केल्यावर खरं निघालं. पोलीस खोलीवर आले होते ते त्या भावाचा पुरवणी जबाब घ्यायला. त्यांना पाहून बहीण-भाऊ घाबरून गेले, एवढंच.

मुलीला हे पटवायला मला बरेच फोन करावे लागले. ती म्हापशाला एका मैत्रिणीकडे होती. “हा सापळा नाही कशावरून?” असं तिने मला दर वेळी विचारलं. माझ्याकडे पुरावा नव्हता. शेवटी ती म्हणाली, “ती म्हातारी येणार असेल, तरच येते.”

एका सकाळी आम्ही चौघं पेडण्याच्या ठाण्यात गेलो. मालकीण डोक्यात अबोली माळून आली होती, लग्नाला आल्यासारखी. भावाने सांगितलं, हवालदारांनी संगणकावर इंग्रजीत टाईप केलं आणि कागद सहीला पुढे सरकवला. मुलीने तो वाचला.

“इथे ‘शिवीगाळ’ लिहिलंय. कोणती शिवी, ते लिहा.”

“शिवी ती शिवी.”

“नाही. ‘चिनी’ म्हणाले. ‘तुझ्या देशात जा’ म्हणाले. ते लिहा.”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी कुणीतरी वरची असल्यासारखं. मग मालकिणीकडे पाहिलं. “बरय रे पुता,” ती म्हणाली, “कान म्हजेय आसात. म्हजो भाचोच फुशारक्यो मारतालो.”

त्यांनी ती दोन वाक्यं जबाबात घातली. दारूचा उल्लेख चुकीचा असल्याचंही लिहिलं. मी हळूच विचारलं, वर्षाच्या गोषवाऱ्यात हे कशात धरणार? “भांडण,” ते म्हणाले. “दुसरें कशांत घालूं?”

भावाने डाव्या हाताने सही केली. हवालदार कागद उचलायला वाकले, तेवढ्यात मुलीने त्यावर तळवा ठेवला, मोबाईल काढला आणि प्रत्येक पानाचा फोटो घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्या पाहणीतला कागदही मला दाखवा. त्याचाही घेते.”