मामांचा कागद

खरं बोलून माणसं दुखवायची पैज लागली असती, तर साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या मामांचा हात कोणी धरला नसता. शाळामास्तरकीतून मोकळे होऊन ते गावी आले आणि दिवसभर जुने मोडी कागद वाचू लागले. कागद पडवीत पसरलेले असले की तिथे शिंकायलाही बंदी. कीर्तनात बुवांनी महाराजांचा मुक्काम आमच्या गावात टाकला, तर मामा भर सभेत उठून विचारत, "कोणत्या कागदात?" एका लग्नात वरपित्याने आपला पूर्वज सरदार होता असं सांगितलं. मामांनी जिलबी खाता खाता तो जकातीवरचा कारकून असल्याचं जाहीर केलं. पंगत जेवायची थांबली, मामांनी मात्र आणखी दोन जिलब्या मागून घेतल्या. "माणसाला खरं नको असतं रे, आपलं हवं असतं," असं ते चिडून म्हणत.

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. शिमग्यात देवीच्या पालखीला पहिला खांदा देण्याचा मान मामांच्या भावकीचा. मामांना घरच्याच पेटीत एक कागद सापडला. त्यात लिहिलं होतं, मान मूळचा दुसऱ्या घराण्याचा. त्यांचा वारस वयाने अज्ञान होता म्हणून तेवढ्यापुरता मामांच्या भावकीकडे आलेला. कोणीही शहाणा माणूस पेटी बंद करून जेवायला बसला असता. मामांनी तो कागद गावासमोर वाचला.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस काय रे?" थोरले भाऊ ओरडले.

"वासे कोणाचे, तेच कागदात आहे!"

ज्यांना मान मिळायचा, ते बिचारे भांडणाच्या भीतीने गप्प. गावाने देवीला कौल लावला. कौल भावकीच्या बाजूने झाला. मामा कडाडले, "देवीला साक्षीला बोलवा, पण उलटतपासणी मी घेणार!" झालं, गावाने त्यांना वाळीत टाकलं.

पुढच्या शिमग्यात पालखी घरोघर फिरली आणि मामांचं अंगण टाळून पुढे गेली. मामी सुपात ओटी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. मामांनी गावाचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. मामी एवढंच म्हणाल्या, "तुमचं खरंच असेल हो. पण मला देवीची ओटी भरायची होती."

मामा सूप घेऊन अनवाणी पालखीमागे धावले, त्यांच्यामागे मी. थोरल्या भावांनी पालखी थांबवली. "कागद खोटा म्हण. आत्ता पालखी तुझ्या दारात फिरवतो."

ढोल थांबले. मामांनी मागे वळून घराकडे पाहिलं.

"कागद खरा आहे," ते म्हणाले. मामांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पालखी निघून गेली.

घरी आल्यावर मामींनी सुपातला नारळ उचलून आत ठेवला.

त्या गावाचा मला अजून संताप येतो. भावकीचा येतो, देवीच्या आड लपणाऱ्यांचा येतो. आणि मामांचाही येतो. मामींसाठी एवढं एक खोटं त्यांनी बोलायला हवं होतं. पण ते बोलले असते, तर आज त्यांची इतकी आठवण आली असती का, कोण जाणे.