तापणारा कॉम्प्युटर आणि बाबा

कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्या रत्नागिरीच्या घरात मी आणि सासरे, दोघंच असायचो. नवरा मुंबईला नोकरीला. सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे. शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते, पण त्यांना रस्त्यात बघून सायकलवरून उतरणारी माणसं तेव्हाही होती. मला टायपिंग येत होतं, म्हणून मी घरबसल्या लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका करून द्यायला लागले.

कॉम्प्युटरबरोबर एक सीडी आली होती, मोटारींच्या शर्यतीची. दुपारी बाबा आडवे झाले की मी दार लोटून घ्यायचे आणि गाडी पळवायचे. मला साधी स्कूटर येत नव्हती. पण पडद्यावरच्या त्या रस्त्याला ना खड्डे, ना समोरून एसटी. वळण आलं की मीही खुर्चीत त्या बाजूला कलायचे. पस्तिशीतली बाई दुपारची गाड्या खेळते हे कुणाला कळलं असतं तर? मूल नाही म्हणून लोक आधीच माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत. त्यात ही भर.

त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. पडदा एकदम काळा व्हायचा, पंख्याची घरघर थांबायची. थोडं थांबून बटण दाबलं की पुन्हा सुरू. व्होल्टेज कमी पडत असेल म्हणून मी प्लग बदलून बघितला. डबा भिंतीपासून पुढे ओढला, बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन त्याच्यावर रोखला. तरी तेच. प्रश्नपत्रिका टाइप करताना तो कधीच बंद पडत नव्हता. गाडी वेगात आली की पडायचा. एकदा मशीन बंद करून आत हात घातला, तर पंख्याखालच्या धातूचा बोटाला चटकाच बसला.

असाच एकदा तो बंद पडला आणि मागे वळून बघते तर बाबा दारात.

"काय झालं गं?"

"टाइप करताना बंद पडतोय, बाबा."

त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. "सारखी राबतेस त्याच्यावर," म्हणाले, आणि उन्हातच छत्री घेऊन बाजारात गेले. येताना दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला सोबत घेऊन आले. तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

त्यानं डबा उघडला. शेजारी घराचं बांधकाम चालू होतं, जांभ्या दगडाचे चिरे तासले जायचे. ती तांबडी धूळ दमट हवेनं पंख्याच्या पात्यांवर लिंपल्यासारखी बसली होती.

"प्रोसेसर तापतोय, सर," तो म्हणाला. "पण नुसत्या टायपिंगनं एवढा नाय तापायचा. गेम खेळतं कोण? घरात तर लहान कोण नाय."

माझे कान गरम झाले. मी फरशीकडे बघत राहिले.

"मी खेळतो," बाबा म्हणाले.

त्यानं बाबांकडे बघितलं, मग मान खाली घालून ब्रशनं धूळ काढली. पंखा नवा बसवला. प्रोसेसरवरची वाळून भुगा झालेली पेस्ट पुसून ताजी लावली. मग कॉम्प्युटर सुरू करून म्हणाला, "आता लोड देऊन बघू या. सर, जरा खेळून दाखवा."

बाबा खुर्चीत बसले. चष्मा नीट केला. कुठलं बटण दाबायचं त्यांना काय माहीत! गाडी उलटी गेली आणि भिंतीवर आदळली. पुन्हा निघाली, पुन्हा आदळली. तो आधी ओठ दाबून उभा होता, मग त्याला हसू आवरेना. "अहो सर, ब्रेक! ब्रेक!" बाबाही कसंनुसं हसले आणि खेळत राहिले. मी मागे चहाचा ट्रे धरून उभी. "उठा बाबा, मी खेळते," एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी दुरुस्तीवाल्यापुढे चहा धरला. मशीन काही बंद पडलं नाही. दुरुस्ती झाली होती.

तो गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, ते मी..."

"ठाऊक आहे. दुपारी आवाज येतो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"कशाला बोलायचं? काम संपवूनच खेळतेस ना? पण त्याच्यासमोर तुझी मान खाली गेली, ते मला बघवलं नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सीडी कपाटात टाकली ती टाकलीच.

त्या पोरानं दुकानात कौतुकानंच सांगितलं असेल, पण गोष्ट बाजारभर झाली. वाचनालयात बाबांना लोक विचारायचे, "काय मास्तर, आज कितवा नंबर?" एकदा आम्ही दोघं मासळी आणायला गेलो होतो. त्यांच्याच शाळेतले एक निवृत्त शिक्षक भेटले. चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "या वयात मोटारी उडवता म्हणे! सुनेला तरी काम करू द्या." बाबा हसले. कोळणीही हसल्या. मी सुरमईचे तुकडे पिशवीत भरत राहिले.

परतताना मला राहवेना. "मी सांगते त्यांना. उद्याच घरी जाऊन सांगते."

बाबा थांबले. "नको. आता तू सांगितलंस तर मी खोटा ठरेन."

खरंच होतं ते. वर्गात उत्तर चोरलं की पोरांना उभं करणारा माणूस.  पुढे बाबा होते तोवर घरी पाहुणे आले की ती गोष्ट निघायची, सगळे हसायचे, आणि मी त्यांच्यात बसून हसायचे.