पाय धुणारा काउबॉय

कोऱ्या चामड्याचा वास आला की मला टेक्सासमधल्या प्लेनोच्या लायब्ररीतली ती दुपार आठवते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मी, नोकरीची परवानगी नाही, ड्राइव्ह करता येत नाही. घरात येरझाऱ्या घालून जीव कातावला, तेव्हा चालत लायब्ररीत जाऊन प्रेमकथा लिहिणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये बसू लागले. माझा नायक काउबॉय होता. त्या दिवशी मी वाचून दाखवलं: तो गुरं वळवून घरी येतो, दाराशी बूट काढतो, पाय धुतो, मग स्वयंपाकघरात येऊन नायिकेला विचारतो, "आज दिवसभर काय केलंस?" बायका खो खो हसल्या. गुरांच्या रँचवर जन्म काढलेली, कोरे चामडी बूट घातलेली एक आजी म्हणाली, "हनी, आमचे पुरुष बुटांसकट जेवायला बसतात. हा कुठे पाहिलास तू?" मी वही मिटली. संध्याकाळी गॅरेजचं दार वाजलं. नवऱ्याने दाराशी बूट काढले, पाय धुतले आणि "जेवायला काय केलंयस?" म्हणत लॅपटॉप उघडला. मी तिरमिरीत वही ओढली आणि नायकाचं पाय धुणं खोडून टाकलं. नायकाचा "आज दिवसभर काय केलंस?" हा प्रश्न मात्र राहू दिला. इतक्या वर्षांनी ती वही चाळताना वाटतं, अख्ख्या नायकात तेवढंच काय ते मी घरी पाहिलेलं नव्हतं.