वानखेडेकाकांचं भेव

गॅसच्या पाइपलाइनपाशी पोचलं की वानखेडेकाका आधी कॅमेरा स्वतःच्याच पायांभोवती फिरवायचे. मग मोठ्यानं सांगायचे, "मले भेव लागून राहिलं बरं का!" हाताखालची पोरं फिदीफिदी हसायची. "हसा लेकहो. भेव लागते म्हणून मी अजून जित्ता आहो."

काका भिलाईतल्या एका कारखान्यात गॅसगळती शोधायचे. मी त्यांच्या हाताखालची नवी इंजिनिअर. भट्टीच्या त्या गॅसला ना रंग ना वास. माणूस पेंगतो आणि उठतच नाही. काकांच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात मात्र तो काळा धूर होऊन दिसतो, किती सुटतोय तेही मोजता येतं. घरी आई विचारायची, "काय काम असते गं तुयं?" मी म्हणायची, "फोटो काढतो आम्ही." खरं सांगायची माझी काय बिशाद!

जानेवारीतली दुपार. गार वारा सुटलेला, म्हणून मी डबा घेऊन एका गरम पाइपाखाली बसले. जॅकेट काढून लांब कठड्यावर टाकलं; गॅसचा अलार्म त्यालाच अडकवलेला. जेवता जेवता डोकं जड झालं. वाटलं, थंडीची सुस्ती असेल. समोर काका कॅमेरा रोखून उभे. माझा फोटो काढतायत असं वाटून मी हसून हात हलवला.

"पोरी, ऊठ! हट वहाँ से!"

उठायला गेले तर गुडघ्यांत जीवच नाही. अगं बाई, पाय माझे आणि मलाच ऐकेनात! तेव्हा जी भीती वाटली ती आजही पोटात आहे. काका मास्क चढवून धावत आले आणि दंडाला धरून मला फरफटत बाहेर नेलं.

संध्याकाळी दवाखान्यात मी ते रेकॉर्डिंग बघायला मागितलं. काका दाखवेनात. मी हट्टच धरला. पडद्यावर राखाडी मी, घास घेतेय, आणि वरच्या जोडातून उतरलेला काळा धूर माझ्या नाकातोंडात जातोय. चित्र बराच वेळ जराही हललं नव्हतं.

"कॅमेरा हलला की मोजमाप चुकते," काका माझ्याकडे न पाहता म्हणाले. "म्हणून दम धरून उभा होतो. मी गॅस मोजून राहिलो होतो, पोरी. तू हात हालवला तवा मले दिसली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा जमा केला; निवृत्तीपर्यंत पुन्हा हातात घेतला नाही. गेल्या वर्षी बोरसी वस्तीतल्या आपल्या घरी ते वारले.

तो कॅमेरा आता मी चालवते. पडद्यावर काळं दिसलं की आधी त्यात कुणी बसलंय का बघते. मोजते नंतर.