लाल बटणाचे गुरुजी

आमच्या शाळेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी आपलं लाल पेन माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "बाई, हे तुम्ही हजेरीला वापरा. माझ्या वर्गात लाल एकच, या टॅबवरचं रेकॉर्डिंगचं बटण." मी मुख्याध्यापिका, कामांची यादी करून एकेक खोडत जाणारी. असल्या बोलण्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. त्यांच्यावर बसला.

आगरदांड्याहून फेरीबोटीनं ते रोज दिघीला उतरत, टॅब टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेले. बोटीवरच्या बायका विचारत, "गुरुजी, बाल निजला काय?"

"निजलंय. शाळेत तुमची पोरं उठवतील."

निबंध लिहा म्हटलं की आमची मुलं छताकडे बघत बसत. गुरुजी म्हणत, "लिहू नको, सांग." मूल लाल बटण दाबून आपल्या बोलीत सांगे, मग स्वतःचाच आवाज थांबवत थांबवत ऐके आणि वाक्य वहीत उतरवी. बोललेलं आपोआप लिहून देण्याची सोय टॅबमध्ये होती. ती त्यांनी आल्या आल्या बंद केली. 'मशीननं ऐकायचं, लिहायचं मुलांनी' असं फळ्याच्या वर रंगवूनही घेतलं.

सहावीतली सुगंधा वहीत नावापलीकडे काही लिहीत नसे. तिचे वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. आधी बटण दाबून सांगितल्यावर तिनं लिहिलं, 'बाबा घरी येतो तवा झोपलेलाच असतो. आमी त्याच्या पायाशी बसून जेवतो. मंग जेवान गोड लागतं.' गुरुजींनी ते मला वाचून दाखवलं आणि चष्मा पुसला. "बाई, यातलं एक अक्षर हलवलं तर पाप लागेल."

मुलांच्या लेखनाची पुस्तिका काढून शाळेतच तिचं प्रकाशन करायचं ठरलं. मांडव, खुर्च्या, चहा, पाहुण्यांची ने-आण मी घेतली. छपाई गुरुजींकडे. ती तपासणं माझ्या यादीत नव्हतं. त्यांचं काम काय तपासायचं? सुगंधानं वडिलांना बजावलं होतं, "बाबा, त्या दिवशी झोपायचं न्हाय." ते खाडा करून आले आणि पुढच्या रांगेत बसले.

सुगंधा वाचायला उभी राहिली, छापलेल्या पुस्तिकेतलं आपलं पान काढलं आणि थबकली. मग सपाट आवाजात वाचत गेली. 'माझे वडील आमच्या कुटुंबाचा भक्कम आधारस्तंभ आहेत. त्यांचे अथक परिश्रम मला सदैव प्रेरणा देतात.' पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली येऊन बसली तेव्हा वडिलांनी हळूच विचारलं, "ह्ये तू लिवलंस?"

"न्हाय."

गुरुजींना मी मांडवामागे गाठलं. सगळ्याच मुलांचं लिखाण त्यांनी मशीनकडून पुन्हा लिहून घेतलं होतं.

"बाई, जिल्ह्याचे साहेब येणार होते. पायाशी बसून जेवतो, हे बरं दिसतं का? जरा नीटनेटकं केलं, इतकंच."

"आणि फळ्यावर रंगवलंय ते?"

"ते वर्गात ठीक आहे हो."

साहेबांना पुस्तिका आवडली. थोड्याच दिवसांत त्यांनी गुरुजींना शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला जिल्ह्याला बोलावून घेतलं. निरोपाला मी नारळ दिला, रीत म्हणून. बोटीवर त्यांना पोचवायला गेले नाही. परवा त्यांनी त्यांच्या प्रशिक्षणाचा फोटो पाठवला. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत तेच वाक्य, मशीननं ऐकायचं, लिहायचं मुलांनी. मी फोटो पुसून टाकला.

आमच्या फळ्याच्या वरची ओळ मात्र मी रंग मारून पुसलेली नाही. ती बरोबर आहे, आणि मुलं तिच्यावर चालतात. टॅब रोज सकाळी चार्ज होतात, बाकीची मुलं बटण दाबून बोलतात, लिहितात. सुगंधा टॅबला हात लावत नाही. मधल्या सुट्टीत माझ्या खुर्चीपाशी येते. "बाई, तुमी आयका. त्याच्यात नको." मी ऐकते. मग ती वही उघडते आणि दर वेळी आधी विचारते, "ह्ये असंच ऱ्हानार ना?"

राहील म्हटलं, की लिहायला बसते.