पाठीची दोरी
घरात कोणी मेथ्या भिजत घातल्या की मला महाल भागातली ती अंधारी खोली आठवते, जिथे एक म्हातारी काकू मला दोऱ्यांवर नाचणाऱ्या बाहुल्या शिकवायची. बाहुलीचं डोकं कागदाच्या लगद्याचं असे आणि कीड लागू नये म्हणून त्यात वाटलेली मेथी पडे. लगद्यासाठी मी आमच्या कामगार मोर्च्याची उरलेली पत्रकं नेली होती. त्यातून मी एक कामगार बाई घडवली, कारण रविवारी वस्तीत माझा पहिला खेळ होता. तिच्या हातात एक पत्रक दिलं, डोक्याला आणि हातांना दोऱ्या बांधल्या, पाठीला मात्र मुद्दाम बांधली नाही. पाठीच्या दोरीने बाहुली वाकते, आणि माझी बाई कोणापुढे वाकणार नव्हती. काकूने तिला चालवून दाखवायला सांगितलं. दोन पावलांतच बाई गरागरा फिरू लागली. "काहून वं, इले चक्कर आली का?" काकू म्हणाली. "फिरू द्या," मी म्हणाले, "पण ती मालकाला मुजरा करणार नाही." "नोको करू मुजरा. पण हातातलं पत्रक खाली पडलं तं उचलन कोन? मालक?" मी दोरा घेतला आणि तिच्या पाठीत गाठ मारली. रविवारी ती भर खेळात वाकली, खाली पडलेलं, मेण लावलेलं पत्रक तिच्या हाताला चिकटलं, आणि ती पुन्हा ताठ उभी राहिली. आजही सभा संपली की खुर्च्यांखाली पडलेली पत्रकं मीच वाकून गोळा करते.