धुळ्याचा मांडा

चहा आधी संपवा. ऐकता ऐकता ठसका लागला तर मला बोल लावू नका. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या मूर्खपणावर मी हसते ते चालतं, दुसऱ्यानं हसलेलं मला खपत नाही.

तर आमचे हे. जळगावला सरकारी कचेरीत कारकून. पन्नाशीला टेकलेला माणूस, एक दिवस कुठून तरी जुना कॅमेरा घेऊन आला. मग काय, केळीच्या पानावरचं पाणी, भेगाळलेलं शेत, भिंतीवरची पाल, सगळ्यांचे फोटो निघाले. माझा एक नाही. एकदा पाहुणे ताटावर बसलेले आणि हे गच्चीत पालथे पडून मुंग्यांची रांग टिपतायत. मी सगळ्यांदेखत सांगितलं, ही सवत पुन्हा घरात दिसली तर आडात जाईल.

दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा दिसेना. मला वाटलं, जिंकले. तिथंच फसले.

कारण मग सुरू झालं धुळं. कचेरीचं काम म्हणे. कधी रविवारी, कधी सणावारी. रात्री मुक्काम, आणि सकाळच्या गाडीनं परत. डोळे तांबारलेले, पण चेहरा कसा फुललेला! आता मला सांगा, सरकारी काम करून खूश होऊन घरी आलेला माणूस तुम्ही पाहिलाय का?

संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की तो वांग्यातल्या अळीसारखा असतो, वरून काही दिसत नाही. मी गप्प राहून नजर ठेवली. आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, पोरी माहेरपणाला यायच्या म्हणून ज्वारी काढायला कोठीत हात घातला, तर हाताला पाकीट लागलं. लपवायला जागा शोधली ती ज्वारीच्या कोठीत. त्या कोठीत ह्या घरात हात कुणाचा जातो?

पाकिटात फोटो. बाईचा नव्हता. बाईचा असता तर एकवेळ परवडलं असतं.

मांड्याचा होता.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. मांडा म्हणजे आमची पुरणपोळी, पण लाटत नाहीत. पुरण भरायचं, हातावर झेलत झेलत ताटाएवढी वाढवायची, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या काळ्या खापरावर टाकायची. हे सगळ्यांना जमत नाही. मला जमतं. असोद्यापासून जळगावपर्यंत कुणाच्याही घरी लग्न असो, खापरापुढे मला बसवतात.

आणि फोटोत काळ्याकुट्ट खापरावर पांढरा गोल मांडा. दुसऱ्या फोटोत अर्धाच. तिसऱ्यात नुसती कड उरलेली. म्हणजे हा माणूस धुळ्याला जाऊन कुणाचे तरी मांडे खातो, आणि खाता खाता फोटो काढतो! पंचवीस वर्षं माझ्या हातचे खाल्ले, कधी वाटलं नाही एक फोटो काढावा.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला चंद्र ओळखू आला नाही? नाही आला. आमच्या चंद्रात ससा असतो. ह्याच्यात ससा नव्हता. नंतर कळलं, दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं. ससा होता, डोक्यावर उभा होता.

मी फोटो शेजारच्या अक्काला दाखवले. अक्का मूळची धुळ्याकडची, सत्तरीची, हजारभर लग्नांचे मांडे खाल्लेली. तिनं फोटो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. मग आम्ही दोघींनी ओसरीवर बसून त्या मांड्याची रीतसर चिरफाड केली. पीठ वस्त्रगाळ नाही, म्हणून हे फोड. जाळ एकाच बाजूनं लावलाय. आणि पुरण तर बघा, सगळं एका अंगाला गेलंय, दुसरं अंग कोरडं ठाक. मला जरा बरं वाटलं. पण अक्का मान हलवत म्हणाली, "काही म्हन, हात जुना शे."

म्हणजे प्रकरणही जुनं. मी त्याच वेळी ठरवलं. ह्या माणसाला धुळ्याहून आणायचं, नाहीतर तिथंच सोडून यायचं. आणि तोवर घरात खापर चुलीवर चढणार नाही, अखाजी असो की पोरींचं माहेरपण असो.

अखाजी बिनमांड्याची गेली, पोरी सासरी परतल्या, आणि त्यानंतरच्या रविवारी हे पिशवी घेऊन निघाले. त्याच गाडीत मागच्या बाकावर मी आणि अक्का, पदर नाकापर्यंत. त्याआधी पहाटे शपथ तेवढी मोडली होती. चार मांडे केले, डब्यात घातले. त्या बाईला दिसू दे, मांडा कशाला म्हणतात. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, ह्यांनी एकदा मागे वळून बघितलं नाही. पिशवी मांडीवर, तान्हं लेकरू धरावं तशी.

धुळ्याच्या स्टँडवर हे रिक्षात बसले, आम्ही मागच्या रिक्षात. रिक्षा थांबली ती एका शाळेपुढे. आत हॉलमध्ये ही गर्दी. एका भिंतीवर केळीची पानं, भेगाळलेलं शेत, आमच्याच घरातली पाल. आणि समोरच्या भिंतीवर मांडेच मांडे. अख्खे, अर्धे, कोरभर. लोक हात मागे बांधून बघतायत, माना डोलावतायत. त्या मांड्यांपुढे एक देखणी बाई, हातात छडी, फोड दाखवून दाखवून बोलतेय. बाजूला आमचे हे, लग्नातही हसले नव्हते इतके हसत.

मी सरळ पुढे गेले. डबा तिच्या टेबलावर आपटला, झाकण उघडलं.

"हे तू केले का?" मी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं.

ती गोंधळली. "मी? नाही हो ताई."

"मग कुणी केले? बोलाव तिला. पुरण कडेपर्यंत नेता येत नाही आणि भिंतीवर टांगते."

सगळ्या हॉलच्या माना आमच्याकडे वळल्या. ह्यांचा चेहरा भस्म फासल्यासारखा. पुढे आले, आणि हळूच म्हणाले, "अगं, तो चंद्र आहे."

मी भिंतीकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. परत भिंतीकडे. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, धुळ्याची घेत नाही, फार कडक आहे. आणि माझ्या मागून अक्काचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "मी तं पहिलेच सांगं, हात जुना शे."

हॉल जो फुटला, तो मांडे संपेपर्यंत हसत होता. ती देखणी बाई म्हणजे त्या शाळेतली विज्ञानाची शिक्षिका. दुर्बीण तिच्या नवऱ्यानं स्वतः बनवलेली, आणि तिला कॅमेरा लावून आमचे हे रात्र रात्र त्यांच्या गच्चीत उभे राहायचे. त्या नवरा-बायको दोघांनी माझे मांडे खाल्ले आणि पुन्हा मागितले. मी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "सांगितलं असतं तर कॅमेरा कुठे असता?"

आडात. खरं होतं.

दिवेलागणीला चंद्र वर आला, जवळजवळ पूर्ण. त्यांनी मानानं पहिला नंबर मला दिला. दुर्बिणीला डोळा लावला आणि अंगावर काटा आला. इतका जवळ, इतका लख्ख, जणू हात लावला तर भाजेल. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बाई आता हात जोडेल, डोळ्यांत पाणी आणेल.

माझ्या तोंडून काय निघावं?

"खरंच पुरण एका अंगाला गेलंय हो."

चिरफाड दोघींनी केली, पण नाव झालं एकटीचं. गल्लीत ही गोष्ट कुणी पसरवली ते सांगायला नको. आता पौर्णिमेला मी गच्चीत पाय ठेवायचा अवकाश, शेजारच्या गच्चीतून अक्का विचारतेच, "काय वं, आज तरी पुरन चारी अंगले पसरनं का?"

आणि मेलं, मीही वर बघून तपासते.